'लाइन' या शब्दाचा संसार

आषाढी एकादशीच्या आगेमागें पंढरपुरांत कोणता शब्द सर्वांच्या मुखीं असतो हें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु विठ्ठलनामाच्या खालोखाल जो शब्द त्या दिवसांत पावलोपावलीं कानीं पडतो तो मराठीहि नव्हे आणि संस्कृतहि नव्हे. तो 'लाइन' हा इंग्रजी शब्द होय. 'लाइन कोठवर गेली?' 'गोपाळपुरापर्यंत.' 'मुखदर्शनाची लाइन वेगळी का?' 'मध्येंच लाइनींत घुसूं नका, माउली.' असे प्रश्न व अशीं उत्तरें अहोरात्र चाललेलीं असतात. ज्या वृद्ध वारकऱ्यानें जन्मांत शाळेची पायरी चढलेली नाहीं त्याच्याहि तोंडीं हा शब्द इतका सहज येतो कीं, तो परका असेल ही शंकाहि त्याला शिवत नाहीं.

तो परका राहिलेला नाहीं असें म्हणण्यास व्याकरणाचा आधार आहे. इंग्रजींत निर्जीव वस्तूंच्या नामांना बहुधा लिंगभेद नसतो. मराठीनें या पाहुण्याला घरांत घेतांना प्रथम त्याचें लिंग ठरविलें. रेघ, ओळ, रांग, दोरी, तार, पंगत या सर्व स्त्रीलिंगी. तेव्हां त्यांच्या जागीं बसणारी लाइनहि स्त्रीलिंगीच झाली. पुढें तिला विभक्तीचे प्रत्यय लागले: लाइनीला, लाइनींत, लाइनीवरून, अनेकवचनीं लाइनी. ज्या शब्दाला भाषा आपले प्रत्यय लावते तो घरचा झाला. मात्र घरांत आलेलें माणूस किती खोल्या अडवितें हा प्रश्न निराळा, आणि तोच येथें पाहावयाचा आहे.

या शब्दाचें मूळ शोधूं गेल्यास तें सोलापूर जिल्ह्यांतील माणसाच्या ताटांतच सांपडतें. भाकरीबरोबर जी जवसाची चटणी तो रोज खातो त्या जवसाला लॅटिन भाषेंत 'लीनुम' म्हणत. युरोपांत जवसाच्या देठापासून धागा काढीत व त्याचें कापड विणीत, तेंच लिनन. त्या धाग्याला 'लीनेआ' असें नांव होतें, आणि त्याच्याच वंशांतला 'लाइन' हा शब्द. आपल्याकडे जवस पेरतात तें तेलासाठीं, धाग्यासाठीं नव्हे. त्यामुळें जवसाचा व ओळीचा कांहीं संबंध असेल असें मराठी माणसाच्या ध्यानीं येत नाहीं. कोटाला आंतून जें अस्तर लावतात त्यालाहि इंग्रजींत याच मुळाचा शब्द आहे, कारण तें अस्तर पूर्वीं लिननचें असे. लांचखाऊ अधिकाऱ्यानें आपल्या खिशाला 'लाइन' लावली असें इंग्रज म्हणतो तें या अस्तरावरून. मराठींत तोच अधिकारी आपली तुंबडी भरतो.

धाग्याची रेघ कशी झाली हें समजून घ्यावयाचें तर सुताराच्या कामाकडे पाहावें. लांकूड सरळ कापावयाचें असलें म्हणजे तो रंगांत बुडविलेली दोरी दोन टोकांस ताणून धरतो, मध्यें चिमटींत उचलतो आणि सोडून देतो. लांकडावर सरळ खूण उमटते. दोरी निघून जाते, रेघ मागें राहते. त्या रेघेवर वस्तु मांडल्या म्हणजे ओळ झाली. माणसें उभीं केलीं म्हणजे रांग झाली. लोखंडी रूळ टाकले म्हणजे आगगाडीचा मार्ग झाला. इंग्रजीनें या सर्व स्थित्यंतरांत एकच शब्द चालविला. आपल्याकडे याच प्रवासाला निघालेला शब्द 'सूत्र' होय. त्यापासून सूत झालें, सूत्रधारापासून सुतार झाला, थोडक्यांत गुंफलेल्या वचनाला सूत्र हें नांव मिळालें, आणि दोन माणसांचें सूतहि जुळूं लागलें. पण सूत्र रांगेंत कधीं उभें राहिलें नाहीं. तें काम आपल्या भाषेनें दुसऱ्या शब्दांवर सोपविलें आणि प्रत्येकाची जागा ठरवून दिली.

म्हणूनच इंग्रजीवरून मराठींत भाषांतर करणाराची या एका शब्दापाशीं तारांबळ उडते. 'तो राजांच्या मोठ्या लाइनींतला आहे' अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य विद्यार्थ्यापुढें ठेवलें तर 'तो राजांच्या लांब रांगेंतून आला' असें भाषांतर हमखास एखाद्या वहींत सांपडावयाचें. वाचणाराच्या डोळ्यांपुढें शिधापत्रिका हातीं घेऊन उभे असलेले राजे येतात! मूळ वाक्यांत त्याच्या घराण्याची, वंशाची गोष्ट आहे. विद्यार्थ्याला इंग्रजी शब्द ठाऊक नव्हता असें नाहीं. मराठी शब्दांपैकीं कोणता उचलावा हें त्याला ठाऊक नव्हतें. कोश अशा वेळीं अर्धीच मदत करतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ मध्यें निघाली. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्यें बाहेर पडला. त्यांच्या परिश्रमांचें ऋण मराठीवर कायमचें आहे. तथापि कोशांत प्रतिशब्द एकाखालीं एक मांडलेले असतात. कोणता शब्द कोणाच्या पंक्तीला बसत नाहीं हें कोशकार क्वचितच सांगूं शकतो. तें बोलणाऱ्यांच्या सहवासांतच कळतें.

रेघ आणि रेषा हीच जोडी घ्यावी. दोहोंचें मूळ एकच, ओरखडा काढणें हा अर्थ असलेल्या धातूंतलें. पण रेघ ही हातानें ओढलेली असते, पाटीवर, भिंतीवर, धुळींत. ती वांकडी असली तरी चालते. तिच्या पुष्कळ बहिणी एकत्र जमल्या व कामाच्या नसल्या म्हणजे त्या रेघोट्या. रेषा ही शाळेंत गेलेली. भूमितींत तिला रुंदी नाहीं व दोन्ही बाजूंस अंत नाहीं. तिचा तुकडा तो रेषाखंड, आणि एका बाजूनें बांधलेली तर तो किरण. शिकवितांना हे तीन शब्द वेगळे असल्याचा फार मोठा लाभ होतो, कारण साध्या इंग्रजी बोलण्यांत या तिन्ही वस्तु 'लाइन'च म्हणविल्या जातात व शास्त्राला त्यापुढें आणखी शब्द जोडावे लागतात. एखाद्याचें वचन पक्कें असलें म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. तेथें रेषा घातली तर म्हणीचा जीव जातो. उलट लक्ष्मणानें ओढली ती रेषाच. 'लक्ष्मणरेघ' असें कोणी म्हणत नाहीं.

'ओळ' या शब्दाचें कुळ मोठें आहे. संस्कृतांतील 'आलि', 'आवलि' यांच्या घरांतला हा शब्द. दिव्यांची आवलि ती दिवाळी, वंशाची ती वंशावळ, नांवांची ती नामावळी. भाषांतरांत फसलेल्या विद्यार्थ्याला जो शब्द हवा होता तो येथें, ओळीच्याच घरांत, बसलेला होता. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कित्येक घराण्यांच्या अशा आवळी पिढ्यान्‌पिढ्या उतरलेल्या आहेत. लिहिलेल्या मजकुराचीहि ओळच. पंढरपूरच्या मंदिरांतील चौऱ्याऐंशीचा शिलालेख हा अशा कोरलेल्या ओळींचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणतां येईल. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७, या काळांत देवाला देणग्या देणाऱ्यांचीं नांवें त्यावर आहेत. देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा तो काळ. त्या दगडाला पाठ घासली असतां चौऱ्याऐंशीचा फेरा चुकतो अशी भाविकांची समजूत पडली, आणि घासून घासून अक्षरें झिजलीं. ज्या ओळी वाचावयाच्या त्या पाठीनें वाचल्या गेल्या! इतिहाससंशोधकास याचें वाईट वाटणें साहजिक आहे. पण भाविकाला दोष देऊन तरी काय करावें?

कवितेच्या संबंधांत ओळीला एक प्रतिस्पर्धी भेटतो, तो 'चरण'. मोठ्या अभंगाला चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरें आणि चौथ्यांत चार. लहान अभंगांत आठ आठ अक्षरांचे दोन चरण. छापणारा कागदाच्या रुंदीप्रमाणें दोन चरण एका ओळींत बसवितो, तर दुसरा छापणारा चार ओळी करतो. ओळ ही छापखान्याची, चरण गाणाराचा. इंग्रजींत कवितेचा 'पाय' हें ओळीहून लहान माप आहे. आपल्याकडे चरण म्हणजे पायच, पण तो सबंध ओळीएवढा. ज्या गांवीं सर्वांची धांव देवाच्या चरणांकडे असते तेथें अभंगाच्या ओळीला चरण म्हणावें हा निव्वळ योगायोग असला तरी कानाला गोड लागतो.

शेताभातांतल्या ओळींना तर प्रत्येकीला आपापलें नांव आहे. नांगरानें पडतो तो तास, पाभरीनें पडते ती काकरी, उंसासाठीं काढतात ती सरी, बांधावरच्या झाडांची ती हार, आणि शेतकऱ्याच्या कारभारणीच्या गळ्यांतला असला तर मोत्यांचा सर. गवंड्याची उभी दोरी तो ओळंबा. भीमेच्या कांठच्या शेतकऱ्याला हे शब्द कोणी शिकवावे लागत नाहींत. परंतु त्याच शेतकऱ्याच्या बोलण्यांत 'लाइन' तीन वाटांनीं शिरली आहे. नदीपासून शेतापर्यंत पाणी नेणारी ती पाइपलाइन. मोटार चालविणारी वीज तीहि लाइन. 'रात्रीं लाइन किती वाजतां येणार?' हा प्रश्न विहिरीच्या थारोळ्यापाशीं बसून कितीदां विचारला जातो याची गणतीच नाहीं. आणि ती लाइन तुटली म्हणजे ज्याची वाट पाहावयाची तो लाइनमन. येथें मराठी शब्दाची जागा कोणी बळकावली असें म्हणतां येत नाहीं, कारण वस्तूच नवी आली. नवी वस्तु आपलें नांव बरोबर घेऊन येते, आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

आगगाडीचेंहि तसेंच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियरच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ मध्यें बार्शी रोडपासून, म्हणजे हल्लींच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत सुरू झाली. १९०६ मध्यें तिचा फांटा पंढरपुरास आला. १९११ मध्यें ती लातुरास पोंचली आणि १९२७ मध्यें पंढरपुराहून मिरजेस. वाफेच्या त्या बुटक्या गाडीनें वारकऱ्यांच्या किती पिढ्या पंढरीस आणून सोडल्या! १९५४ मध्यें कंपनीची ही गाडी सरकारनें विकत घेतली, पुढें अडीच फुटी रूळ उखडून रुंद रूळ पडले, आणि 'बार्शी लाइन' हें नांव जुन्या माणसांच्या बोलण्यांत उरलें. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत नाहीं अशी पुढच्या स्टेशनची हमी मिळाल्यावांचून गाडी सोडीत नसत. त्या परवानगीला 'लाइन क्लिअर' म्हणत. तो शब्द स्टेशनाबाहेर पडला आणि सोयरीक जमविणाऱ्यांच्या तोंडीं जाऊन बसला. मुलीच्या मामानें होकार दिला कीं 'लाइन क्लिअर' झालें. मराठीनें मात्र याच आगगाडीसाठीं फलाट आणि रूळ हे शब्द असे घडविले किंवा वळविले कीं त्यांना इंग्रजीचा वास राहिला नाहीं. एका वस्तूचें नांव पचावें व शेजारच्या वस्तूचें तसेंच राहावें, याला नियम सांपडत नाहीं.

पोलिस लाइन, नागपुरांतील सिव्हिल लाइन्स हीं नांवें लष्कराच्या छावणींतून आलीं. छावणींत तंबू व बराकी ओळीनें असत, म्हणून त्या ओळीलाच वस्तीचा अर्थ आला. आतां त्या वस्तींत घरें कशींहि वांकडींतिकडीं असलीं तरी ती लाइनच. यापलीकडे धंद्याची लाइन आहे. 'मुलगा कोणत्या लाइनीला गेला?' येथें मराठी 'वाट', 'मार्ग', 'पेशा' हे शब्द निमूटपणें बाजूला झाले आहेत, आणि ही गोष्ट मात्र खेदाची आहे. तरुण मंडळींत प्रचलित असलेला एक अर्थ येथें नुसता सुचवून सोडलेला बरा. टेलिफोनवर 'लाइनीवर थांबा' असें म्हणतात, त्यांतली तार मोबाइलमुळें केव्हांच नाहींशी झाली. तार गेली, लाइन राहिली. पत्राच्या बाबतींत इंग्रज स्नेह्याला 'एक ओळ टाक' म्हणून विनवितो. मराठी माणूस 'चार ओळी लिही' म्हणतो. एका ओळींत खुशाली मावते हें आपल्या लोकांना कधींच पटलेलें नाहीं.

आतां रांगेकडे यावयाचें. दर्शनासाठीं वा धान्यासाठीं एकामागें एक उभें राहणें याला इंग्लंडांत 'क्यू' म्हणतात. तो फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ शेंपूट. अमेरिकेंत त्यालाच लाइन म्हणतात. हिंदींत 'कतार' आहे. तो अरबींतून आला, आणि अरबींतील मूळ शब्द उंटांच्या माळेचा. त्याच मुळाच्या शब्दानें आज अरब लोक आगगाडी ओळखतात. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ मध्यें, मुंबईंत शिधावाटप सुरू झालें तेव्हां शहरांतल्या लोकांना रोज रांगेंत उभें राहण्याची संवय झाली. पंढरपूरला ती शिकावी लागली नाहीं. येथला जुना शब्द 'बारी'. दर्शनाची बारी ही नुसती माणसांची ओळ नव्हे. बारी म्हणजे पाळी. बारी म्हणजे डोंगरांतली अरुंद वाट, खिंड. तमाशाच्या कलावंतांच्या संगीत बारींतहि तोच शब्द. अरुंद वाटेनें आपल्या पाळीनें पुढें सरकावयाचें, हे दोन्ही अर्थ दर्शनबारींत एकत्र आले आहेत. 'लाइन' म्हटल्यानें उभें राहणें तेवढें कळतें. 'बारी' म्हटल्यानें पुढें जावयाचें आहे हेंहि कळतें. आषाढी एकादशीच्या पहांटे मुख्यमंत्र्यांच्या हस्तें महापूजा होते तेव्हां त्या बारीच्या अग्रभागीं उभ्या असलेल्या वारकरी दांपत्याला मानाचे वारकरी म्हणून पूजेस बरोबर घेतात. कोठल्या तरी खेड्यांतला, रात्रंदिवस तिष्ठत राहिलेला शेतकरी व त्याची पत्नी त्या क्षणीं राज्याच्या प्रमुखाशेजारीं उभीं राहतात, तीं केवळ बारींतल्या जागेच्या बळावर.

वारींतली ओळ आणखी वेगळी. दिंडीला क्रमांक असतो व तो पालखीच्या रथापुढें कीं रथामागें हेंहि ठरलेलें असतें. हैबतबाबा आरफळकरांनीं एकोणिसाव्या शतकांत ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावून दिली तिच्यावर आजहि सोहळा चालतो. दिंडींत पुढें पताकावाले, मग टाळकरी, मृदंगी, वीणेकरी, आणि मागें तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया. ही ओळ चालती आहे; थांबली तरी पावलें थांबत नाहींत. या ओळीला कोणी लाइन म्हणत नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. चांदोबाच्या लिंबापाशीं पहिलें उभें रिंगण होतें तेव्हां वारकरी समोरासमोर दुतर्फा उभे राहतात आणि मधून अश्व धांवतो. रिंगण म्हणजे वर्तुळ. उभें रिंगण म्हणजे सरळ केलेलें वर्तुळ! भूमितीच्या शिक्षकाला हें पटणार नाहीं, पण वारकऱ्याला त्यांत कांहीं विसंगत वाटत नाहीं.

या सर्व शब्दांत ज्याच्या पोटीं सर्वांत मोठें दुःख दडलेलें आहे तो 'पंक्ति'. शब्द निघाला 'पंच' पासून. पांच जणांचा समूह, पांच पादांचा वैदिक छंद, आणि मग कोणतीहि ओळ. पण जेवणाची ओळ हाच अर्थ जनांत रुजला व त्याची 'पंगत' झाली. इंग्रज मनुष्य जेवणाऱ्यांची लाइन म्हणेल तर त्यांत कांहींच सांगितलें जाणार नाहीं. मराठींत पंगत म्हटली कीं लगेच प्रश्न उभा राहतो: पंगतीला कोण, आणि पंगतीबाहेर कोण? धर्मशास्त्रकारांनीं ज्याच्या बसण्यानें ओळ पवित्र होते त्याला 'पंक्तिपावन' म्हटलें, आणि ज्याला ओळींत बसूं द्यावयाचें नाहीं त्याला 'अपांक्तेय'. एकाच पंगतींत एकाला तूप अधिक व दुसऱ्याला कमी वाढणें हा पंक्तिभेद, आणि तो पाप मानला गेला. परंतु मुळांत ज्याला पंगतींत घेतलेंच नाहीं त्याच्याविषयीं तसें पाप कोणी मानलें नाहीं. आज 'अपांक्तेय' हा शब्द लेखक सहज वापरतात, अमका विषय साहित्यांत अपांक्तेय ठरला वगैरे. ज्यांच्या वाडवडिलांना तो शब्द ताटावरून उठवून लावीत असे त्यांना तो इतका हलका वाटत नसेल.

पंढरपुरांत ही ओळ कोठें ओढली होती हें दाखवितां येतें. मंदिराच्या महाद्वारीं नामदेवाची पायरी आहे आणि तिच्या समोर चोखोबांची समाधि. देवाचा एवढा थोर भक्त, पण त्याची जागा दाराबाहेर ठरली. चोखोबांच्या मागून आलेल्या त्यांच्या जातिबांधवांनाहि शतकानुशतकें तेवढ्यावरूनच हात जोडून परतावें लागलें. म्हणजे दर्शनाची बारी होती, पण त्यांची पाळी तींत नव्हती. साने गुरुजींनीं १ मे १९४७ रोजीं पंढरपुरांत तनपुरे महाराजांच्या मठांत उपोषण आरंभिलें तें याच कारणासाठीं. दहा दिवसांनीं तें सुटलें आणि विठ्ठलाचें मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलें झालें. सर्वांची मिळून एक रांग पंढरपुरांत लागली ती तेव्हांपासून. ज्या रांगेंत ताटकळत राहिल्याबद्दल आज आपण कुरकुरतों, तींत उभें राहण्याचा हक्क मिळविण्यासाठीं एका माणसानें प्राण पणाला लावले होते. मंदिराच्या दारांत जें घडलें त्याच्याहून पंगतींतलें काम कठीण होतें, कारण घराच्या दारावर कायदा चालत नाहीं. 'समतानंद' अनंत हरी गद्रे यांनीं झुणकाभाकर सहभोजनें घडविलीं तीं या ओळीवरच घाव घालण्यासाठीं.

याच गांवीं एक दिवस असा येतो कीं कोणत्याहि प्रकारची ओळ उरत नाहीं. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरास काला होतो. लाह्या, दहीं एकत्र कालवून जो तो शेजाऱ्याच्या मुखीं घालतो. शेजारी कोण हें विचारीत नाहीं. काला म्हणजे मिसळ. पंक्तीचा विरुद्धार्थी शब्द कोशांत शोधून सांपडणार नाहीं. तो बहुधा हाच असावा.

अलीकडे एका रेषेनें नदीकांठच्या घरांची झोंप उडविली आहे, ती पूररेषा. भीमेला येथें चंद्रभागा म्हणतात. वरच्या अंगाला उजनीचें धरण १९८० मध्यें पूर्ण झालें. तेथून व नीरेकडून मोठा विसर्ग सुटला म्हणजे वाळवंट दिसेनासें होतें, पुंडलिकाच्या देवळाला पाण्याचा वेढा पडतो आणि सखल भागांतल्या वस्तीला घरें सोडावीं लागतात. पंचवीस वर्षांतून एकदां येऊं शकेल अशा पुराची मर्यादा ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आंत बांधकामास मनाई, निळी व लाल यांच्यामध्यें बंधनें. सरकारी मराठींत येथें 'रेषा' हा शब्द योजिला तो योग्यच झाला, कारण ती नकाशावरची, मोजणीची आहे. परंतु भूमितींतल्या रेषेला जी रुंदी नसते ती या रेषेला प्राप्त होते. ती कोणाच्या तरी स्वयंपाकघरांतून जाते. चूल एका बाजूला आणि देवघर दुसऱ्या बाजूला, अशा घराच्या मालकाला रेषा, रेघ आणि ओळ यांतला भेद समजावून सांगण्याची गरज उरत नाहीं. दारिद्र्यरेषेचें असेंच आहे. कागदावर ती केसाएवढी बारीक; पण तिच्या वर नांव लागलें कीं शिधापत्रिकेचा रंग बदलतो.

असें असतां सर्व ठिकाणीं 'लाइन' चालवावी कीं सर्व ठिकाणांहून ती हांकलून द्यावी, असा वाद मराठींत पुष्कळ झालेला आहे. भाषाशुद्धीच्या चळवळीनें कांहीं चांगले शब्द दिले आणि कांहीं असे दिले कीं ते सुचविणाऱ्यांनींहि वापरले नाहींत. विजेच्या लाइनीला नवा शब्द शोधण्यांत अर्थ नाहीं. पण पेशा, बारी, पंगत, तास, वंशावळ या शब्दांच्या जागीं लाइन आली तर तेवढ्यापुरतें बोलणें मुकें होतें. पंगतीची 'जेवणाची लाइन' झाली कीं पंक्तिभेद म्हणजे काय हें पुढच्या पिढीला समजावून सांगावें लागेल, आणि ज्यांनीं तो सोसला त्यांची हकीकतहि तिला अर्धीच कळेल.

तूर्त मंदिराच्या दर्शनासाठीं या शब्दाचें सर्वांत नवें रूप वापरांत आलें आहे, तें 'ऑनलाइन'. घरीं बसून नोंदणी करावयाची, दिवस व वेळ मिळवावयाची आणि त्या वेळेस यावयाचें. या शब्दांतली लाइन कोणाला दिसत नाहीं, ती तारेंत किंवा हवेंत कोठें तरी असते. अशी नोंदणी करून आलेला यात्रेकरू दर्शनमंडपाशीं येऊन विचारतो, 'ऑनलाइनवाल्यांची लाइन कोणती?' आणि दाराशीं उभा असलेला सेवेकरी हातानें दाखवून म्हणतो, 'बारी तिकडून आहे, माउली.'